पेट्रोलचा ऑक्टेन अंक आणि मोटारीसाठी इंधनाची निवड : दक्षिण व मध्य मुंबईच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

मुंबईतील पेट्रोल पंपांवर आज साधे पेट्रोल, ९५ ऑक्टेनचे पेट्रोल आणि निवडक ठिकाणी त्याहूनही अधिक ऑक्टेनचे पेट्रोल उपलब्ध आहे. अधिक दराचे पेट्रोल इंजिनासाठी अधिक चांगले, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रस्तुत लेखात ऑक्टेन अंकाचा शास्त्रीय अर्थ, इंजिनाच्या रचनेशी असलेला त्याचा संबंध, मुंबईतील इंधनाचा बदलत गेलेला इतिहास आणि निवडीची आर्थिक बाजू यांचे विवेचन केले आहे. ऑक्टेन अंक ही इंधनाच्या शक्तीची किंवा शुद्धतेची मोजपट्टी नसून अकाली पेट घेण्यास होणाऱ्या विरोधाची मोजपट्टी आहे. म्हणून इंजिनाच्या गरजेपेक्षा अधिक ऑक्टेन विकत घेण्यात बहुतांश वाहनधारकांचा लाभ नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलामुळे जुन्या मोटारींपुढे उभा राहिलेला प्रश्न ऑक्टेनच्या प्रश्नापासून वेगळा आहे, हेही स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : ऑक्टेन अंक, नॉकिंग, संपीडन गुणोत्तर, इथेनॉल मिश्रण, सीएनजी, इंधन खर्च

प्रस्तावना

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या परिसरांतील मध्यमवर्गीय कुटुंबांत मोटार ही आता दुर्मीळ वस्तू राहिलेली नाही. चाळींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि इमारतींबरोबर वाहनतळही आले. तथापि या परिसरातील मोटारीचा वापर इतर शहरांतील वापराहून भिन्न आहे. रोजच्या प्रवासासाठी लोकल, बस व आता मेट्रो असल्याने अनेक घरांतील मोटार आठवड्यातून एकदोनदा, सणासमारंभाला किंवा पुण्या-कोकणाकडे जाताना बाहेर काढली जाते. अशा मोटारीची निगा मात्र आपुलकीने राखली जाते आणि या आपुलकीपोटीच पंपावर उभे राहिल्यावर प्रश्न पडतो, साधे पेट्रोल भरावे की महाग?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा ऐकीव माहितीवरून दिले जाते. 'महाग पेट्रोलाने ॲव्हरेज वाढते', 'इंजिन साफ राहते', 'पिकअप सुधारतो' अशी विधाने पंपावरील कर्मचारी, गॅरेजमधील मेकॅनिक आणि शेजारी सारख्याच खात्रीने करतात. या विधानांत तथ्य किती आणि समज किती, हे तपासण्यासाठी ऑक्टेन ही संकल्पना मुळापासून समजून घेणे आवश्यक ठरते.

लेखाची उद्दिष्टे

१. ऑक्टेन अंकाचा शास्त्रीय अर्थ आणि त्याच्या मापनपद्धती स्पष्ट करणे.
२. इंजिनाची रचना व ऑक्टेनची गरज यांचा परस्परसंबंध मांडणे.
३. मुंबईतील पेट्रोलच्या ऑक्टेनमध्ये कालानुरूप झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
४. वाहनधारकास उपयुक्त ठरतील असे निवडीचे निकष सुचविणे.

ऑक्टेन अंक म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण पिस्टनकडून दाबले जाते आणि योग्य क्षणी स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटविले जाते. ज्वाला ठिणगीपासून सुरू होऊन सिलिंडरभर क्रमाने पसरावी आणि तिच्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जावा, अशी अपेक्षा असते. परंतु दाबामुळे वायूचे तापमान वाढते. ज्वाला पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण स्वतःहून पेटले, तर सिलिंडरमध्ये दाबाच्या तीव्र लहरी निर्माण होतात. बाहेर त्याचा धातूवर ठोके पडावेत तसा आवाज येतो. यालाच गॅरेजच्या भाषेत 'नॉकिंग' म्हणतात. सौम्य नॉकिंग क्वचित झाल्यास विशेष हानी होत नाही, परंतु तीव्र नॉकिंग दीर्घकाळ चालू राहिल्यास पिस्टन, पिस्टनच्या रिंगा आणि हेड गॅस्केट यांना इजा पोहोचते.

इंधन या अकाली पेट घेण्यास किती विरोध करते, हे सांगणारा आकडा म्हणजे ऑक्टेन अंक होय. १९२० च्या दशकात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी या मोजणीची पट्टी सुचविली. नॉकिंगला उत्तम विरोध करणाऱ्या आयसो-ऑक्टेन या हायड्रोकार्बनला १०० आणि सहज नॉकिंग घडविणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला शून्य हे मूल्य देण्यात आले. एखादे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे आहे याचा अर्थ ९१ टक्के आयसो-ऑक्टेन व ९ टक्के हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका त्याचा नॉकिंगविरोध आहे, एवढाच होतो. त्या पेट्रोलात प्रत्यक्ष ९१ टक्के ऑक्टेन असते असे नव्हे. तसेच १०० ही या पट्टीची अंतिम मर्यादाही नाही. आयसो-ऑक्टेनपेक्षा अधिक विरोध करणारी इंधने आहेत आणि त्यांचा अंक १०० च्या वर जातो.

मोजणीच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. संशोधन पद्धतीत विशिष्ट प्रमाणित इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या गतीने चालविले जाते. मोटार पद्धतीत गती मिनिटाला ९०० फेऱ्यांची असते आणि आत जाणारे मिश्रण सुमारे १४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापविले जाते. दुसरी पद्धत अधिक कठोर असल्याने त्याच पेट्रोलाचा मोटार ऑक्टेन हा संशोधन ऑक्टेनपेक्षा कमी भरतो. भारतात व युरोपात पंपावर आणि मोटारीच्या पुस्तिकेत संशोधन ऑक्टेन सांगण्याची प्रथा आहे, तर अमेरिका व कॅनडा येथे दोन्हींची सरासरी लिहिली जाते. परदेशी नातेवाइकांकडे गेलेल्या मराठी कुटुंबांना तेथील पंपावर '८७' असा आकडा दिसतो आणि भारतातील ९१ त्याहून उच्च प्रतीचे असावे, असे वाटते. वस्तुतः तेथील ८७ आणि येथील ९१ हे जवळपास समतुल्य आहेत. फरक पेट्रोलचा नसून मोजपट्टीचा आहे.

या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. ऑक्टेन अंकावरून इंधनातील ऊर्जा किती, ते किती स्वच्छ, त्यात गंधक किती, यांपैकी काहीही कळत नाही. भारत स्टेज-४ च्या पेट्रोलात गंधकाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत ५० भाग होती, ती १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ मध्ये १० भागांवर आली. हा स्वच्छतेतील मोठा बदल साध्या पेट्रोलालाही तितकाच लागू झाला. त्यासाठी ग्राहकाला अधिक ऑक्टेन विकत घ्यावे लागले नाही.

संपीडन गुणोत्तर आणि ऑक्टेनची गरज

अधिक ऑक्टेनचे पेट्रोल मग हवे तरी कोणाला? याचे उत्तर इंजिनाच्या संपीडन गुणोत्तरात आहे. पिस्टन सर्वांत खाली असतानाचे सिलिंडरचे आकारमान आणि पिस्टन सर्वांत वर असतानाचे आकारमान यांचे गुणोत्तर म्हणजे संपीडन गुणोत्तर होय. ते जितके अधिक, तितका इंधनातील ऊर्जेचा उपयोग चांगला होतो. उष्मागतिकीतील आदर्श ऑटो चक्राच्या सूत्रानुसार गुणोत्तर ८ असल्यास कार्यक्षमता सुमारे ५६ टक्के, १० असल्यास सुमारे ६० टक्के आणि १२ असल्यास सुमारे ६३ टक्के येते. प्रत्यक्ष इंजिनात हे आकडे बरेच कमी असतात, परंतु वाढीची दिशा तीच राहते. म्हणून अभियंते गुणोत्तर वाढविण्याचा प्रयत्न करतात आणि ते वाढले की मिश्रण अधिक तापून नॉकिंगचा धोका वाढतो. टर्बोचार्जर बसविलेल्या इंजिनात हवा आधीच दाबून आत पाठविली जात असल्याने हा धोका आणखी वाढतो. अशा इंजिनांना अधिक ऑक्टेनची गरज भासते.

येथे कारण आणि परिणाम यांची गल्लत होऊ नये. अधिक कार्यक्षमता इंजिनाच्या रचनेतून येते. अधिक ऑक्टेन त्या रचनेला सुरक्षितपणे चालू देते. कमी गुणोत्तराच्या इंजिनात १०० ऑक्टेनचे पेट्रोल ओतल्याने त्याचे गुणोत्तर वाढत नाही. जे नॉकिंग मुळात होतच नव्हते, ते टाळण्यासाठी जादा पैसे मोजले जातात, इतकेच.

आधुनिक इंजिनांत नॉक सेन्सर असतो. नॉकिंगची चाहूल लागताच इंजिनाचा संगणक ठिणगीची वेळ किंचित उशिरा करतो. त्यामुळे इंजिन सुरक्षित राहते, परंतु शक्ती व ॲव्हरेज थोडे घटते. ज्या मोटारीसाठी उत्पादकाने ९५ ऑक्टेनची शिफारस केली आहे, तिला ९५ दिल्यास संगणक ठिणगी योग्य वेळी आणू शकतो आणि काही लाभ दिसतो. ज्या मोटारीची जुळणीच ९१ साठी झाली आहे, तिच्या संगणकाला पुढे जाण्यास फारसा वाव नसतो.

अमेरिकेतील वाहनधारकांची संघटना 'ट्रिपल ए' हिने २०१६ साली केलेल्या चाचण्यांत, साध्या पेट्रोलासाठी बनविलेल्या मोटारींना महाग पेट्रोलाचा अर्थपूर्ण लाभ आढळला नाही. आधीच्या वर्षभरात अमेरिकन वाहनधारकांनी अशा अनावश्यक खरेदीवर २१० कोटी डॉलर खर्च केले, असा अंदाज तिने मांडला. २०१७ साली तिने महाग पेट्रोलाची केवळ शिफारस असलेल्या, परंतु सक्ती नसलेल्या मोटारींची चाचणी घेतली. त्यांत ॲव्हरेजमध्ये सरासरी २.७ टक्के आणि शक्तीत सरासरी १.४ टक्के वाढ दिसली. म्हणजे ज्या मोटारींना लाभ होणे अपेक्षित होते, त्यांनाही तो माफकच झाला.

शिशापासून इथेनॉलपर्यंत

पेट्रोलचा ऑक्टेन वाढविण्याचा प्रयत्न शंभर वर्षांहून जुना आहे. १९२१ साली जनरल मोटर्समधील थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा नॉकिंगविरोधी गुण आढळला. अल्कोहोल हेदेखील नॉकिंग रोखते, हे त्या काळी ठाऊक होते. परंतु शिशाची अत्यल्प मात्रा पुरत असल्याने तो मार्ग स्वस्त ठरला आणि जगभर रूढ झाला. शिसे हे विशेषतः लहान मुलांच्या मज्जासंस्थेला घातक विष आहे. रस्त्यालगतच्या वस्तीने त्याची किंमत अनेक दशके मोजली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील वाहतुकीच्या दोन्ही बाजूंना वसलेल्या परळ-लालबागसारख्या दाट वस्तीला ही बाब अधिकच लागू होती.

१ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध झाले आणि नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसविणे सुरू झाले. १ फेब्रुवारी २००० पासून संपूर्ण देशात शिसेयुक्त मोटार पेट्रोल बंद झाले. जगात ते सर्वांत शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये थांबले. शिसे गेल्यावर ऑक्टेन टिकविण्याची जबाबदारी तेलशुद्धीकरण प्रक्रियेवर आली. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर माहुल येथे १९५० च्या दशकात एस्सोच्या पूर्वसूरी कंपनीने व बर्मा-शेलने उभारलेले आणि १९७० च्या दशकातील राष्ट्रीयीकरणानंतर हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम यांच्याकडे आलेले दोन्ही कारखाने या स्थित्यंतरातून गेले आहेत.

शिशाच्या काळात पंपावर ८७ व ९३ ऑक्टेन अशा दोन प्रती मिळत. भारत स्टेज-२ च्या काळात साध्या पेट्रोलाचा किमान संशोधन ऑक्टेन ८८ होता. महानगरांत २००५ साली आलेल्या भारत स्टेज-३ पासून तो ९१ झाला आणि महाग प्रतीसाठी ९५ ठरला. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने 'एक्सपी १००' हे १०० ऑक्टेनचे पेट्रोल निवडक शहरांत आणले. त्यांत मुंबईचाही समावेश होता.

यानंतरचा बदल इथेनॉलचा आहे. देशात सरासरी १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले आणि २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणण्यात आले. महाराष्ट्राच्या ऊस पट्ट्यातील साखर कारखान्यांना या धोरणामुळे नवी बाजारपेठ मिळाली. इथेनॉलचा ऑक्टेन अंक सुमारे १०८ असल्याने मिश्रणाचा अंक आपोआप वाढतो. २० टक्के मिश्रणामुळे साध्या पेट्रोलाचा संशोधन ऑक्टेन ९१ वरून ९५ पर्यंत पोहोचतो, असे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ साली स्पष्ट केले. ही बाब ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ज्या ९५ साठी पूर्वी वेगळ्या नळीपुढे रांग लावावी लागे, त्याच्या जवळपासचा नॉकिंगविरोध आता साध्या नळीतूनच मिळत असेल, तर केवळ ऑक्टेनसाठी ९५ ची महाग प्रत घेण्याचे कारण बरेचसे उरत नाही.

टॅक्सीचे उदाहरण

अधिक ऑक्टेन म्हणजे अधिक शक्ती, या समजाचे खंडन करणारे उदाहरण मुंबईच्या रस्त्यांवर रोज दिसते. ते म्हणजे सीएनजीवर चालणारी काळी-पिवळी टॅक्सी. मुंबईत महानगर गॅस ही कंपनी १९९५ साली स्थापन झाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या प्रदूषणविषयक आदेशांनंतर शहरातील टॅक्सींचे मोठ्या प्रमाणावर सीएनजीत रूपांतर झाले. सीएनजीचा मुख्य घटक मिथेन असून त्याचा ऑक्टेन अंक १२० च्या आसपास मानला जातो. म्हणजेच शहरात वाहनांना मिळणाऱ्या इंधनांत सर्वाधिक ऑक्टेनचे इंधन महागड्या मोटारीत नव्हे, तर टॅक्सीत भरले जाते.

असे असूनही चार प्रवासी घेऊन पेडर रोडचा किंवा वाळकेश्वरचा चढ चढताना तीच टॅक्सी पेट्रोलवरील मोटारीपेक्षा मंद वाटते. वायुरूप इंधन सिलिंडरमधील हवेची काही जागा व्यापते, त्यामुळे आत येणारी हवा घटते. शिवाय इंजिनाचे संपीडन गुणोत्तर पेट्रोलासाठी ठरविलेले असल्याने मिथेनच्या उच्च ऑक्टेनचा फायदा घेतला जात नाही. सीएनजीचा खरा लाभ स्वस्ताई व कमी धूर हा आहे. इंजिन ज्या ऑक्टेनचा उपयोग करू शकत नाही, तो ऑक्टेन निरुपयोगी ठरतो, हे यावरून सिद्ध होते.

याच टॅक्सीच्या जुन्या रूपाकडे पाहिले तर दुसरी बाजूही दिसते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे संपीडन गुणोत्तर आजच्या मोटारींच्या तुलनेत बरेच कमी होते. तिच्यात कार्बुरेटर होता, नॉक सेन्सर नव्हता आणि ठिणगीची वेळ मेकॅनिक हाताने लावीत असे. टायमिंग पुढे लागले की चढावर नॉकिंग सुरू होई आणि ते मागे घेतले की थांबे. त्या काळी नॉकिंगवर पहिला उपाय पेट्रोल बदलण्याचा नसून टायमिंग लावण्याचा असे. ताडदेव परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. नॉकिंगचे कारण आधी इंजिनात शोधावे, ही त्या पिढीच्या मेकॅनिकांची पद्धत मात्र आजही ग्राह्य आहे.

मुंबईचे रस्ते आणि हवामान

ऑक्टेनची गरज परिस्थितीनुसार बदलते. समुद्रसपाटीवर हवा दाट असल्याने सिलिंडरमध्ये अधिक हवा शिरते आणि नॉकिंगची शक्यता महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणापेक्षा अधिक असते. टर्बो नसलेल्या इंजिनांना हे विशेषत्वाने लागू होते. उलटपक्षी हवेतील दमटपणा नॉकिंग कमी करतो. म्हणजे मुंबईचे हवामान एका बाजूने गरज वाढविते, तर दुसऱ्या बाजूने घटविते. एप्रिल-मे महिन्यांत दादरच्या टी.टी. चौकात वातानुकूलन यंत्र चालू ठेवून उभी असलेली मोटार आतील हवा तापवून घेते. सिग्नल सुटल्यावर ती वरच्या गिअरमध्येच ओढली तर नॉकिंगला निमंत्रण मिळते.

तथापि शहरातील बहुतांश प्रवासात इंजिनावरील भार कमी असतो. नॉकिंगचा धोका भार अधिक आणि गती कमी असताना सर्वाधिक असतो. लालबागचा उड्डाणपूल चढताना किंवा पाच माणसे व सामान घेऊन खंडाळ्याचा घाट चढताना ही स्थिती येते. अशा वेळी गिअर उतरविल्यास इंजिनाची गती वाढते आणि नॉकिंग थांबते. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

योग्य पेट्रोल भरूनही नॉकिंग होत असल्यास सिलिंडरमध्ये साठलेला कार्बन, चुकीच्या प्रकारचा स्पार्क प्लग, रेडिएटरमधील बिघाडामुळे तापलेले इंजिन, बिघडलेला नॉक सेन्सर किंवा भेसळयुक्त पेट्रोल ही कारणे तपासावी लागतात. रॉकेलचा ऑक्टेन अत्यंत कमी असल्याने त्याची भेसळ थेट नॉकिंगला कारणीभूत ठरते. पंपावर गाळण कागदाची चाचणी आणि घनतेची पडताळणी मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. मात्र या चाचण्या भेसळीचा संशय निर्माण करू शकतात, ऑक्टेन अंक सांगू शकत नाहीत. तो प्रयोगशाळेतील प्रमाणित इंजिनावरच मोजता येतो. म्हणून खात्रीचा पंप निवडणे हे अधिक ऑक्टेन निवडण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

आर्थिक बाजू

एका गृहीत उदाहरणाने हिशेब मांडता येईल. एखादी मोटार वर्षाला ८,००० किलोमीटर धावते आणि शहरातील गर्दीत लिटरला १२ किलोमीटर देते, असे मानू. वर्षाला सुमारे ६६७ लिटर पेट्रोल लागेल. साधे पेट्रोल १०४ रुपये आणि ९५ ऑक्टेनची महाग प्रत ११२ रुपये धरल्यास वर्षाचा जादा खर्च सुमारे ५,३३० रुपये होतो. १०० ऑक्टेनचे पेट्रोल १६० रुपये धरल्यास जादा खर्च सुमारे ३७,३३० रुपये होतो.

हा खर्च भरून निघण्यासाठी पहिल्या उदाहरणात ॲव्हरेज सुमारे ७.७ टक्क्यांनी आणि दुसऱ्यात जवळपास ५४ टक्क्यांनी वाढले पाहिजे. वर उल्लेखिलेल्या चाचण्यांतील २.७ टक्क्यांशी याची तुलना केल्यास निष्कर्ष उघड आहे. त्या जादा रकमेत ठरलेल्या वेळी इंजिन ऑइल, एअर फिल्टर आणि आवश्यक असल्यास स्पार्क प्लग बदलता येतात आणि त्यांचा इंजिनाच्या आयुष्याशी असलेला संबंध निर्विवाद आहे.

महाग पेट्रोलाच्या बाजूने एक मुद्दा मांडला जातो तो साफसफाई करणाऱ्या मिश्रकांचा. इंजेक्टर व व्हॉल्व्ह यांवरील साका कमी करणारी अशी रसायने काही पेट्रोलांत असतात आणि त्यांचा उपयोगही होतो. परंतु हा गुण मिश्रकांचा आहे, ऑक्टेनचा नव्हे. आकर्षक नाव असलेले प्रत्येक पेट्रोल अधिक ऑक्टेनचेच असते असेही नाही. कित्येकदा ऑक्टेन साधाच असून केवळ मिश्रके जादा असतात. म्हणून नावावर न जाता पंपावर लिहिलेला आकडा वाचणे इष्ट.

जुन्या मोटारी आणि इथेनॉलचा प्रश्न

इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढत असला तरी त्यातील ऊर्जा पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. अधिक ऑक्टेन व कमी ऊर्जा एकाच द्रवात नांदू शकतात, याचे हे ठळक उदाहरण होय. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलासाठी रचलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, तर १० टक्क्यांसाठी रचलेल्या व २० टक्क्यांसाठी जुळविलेल्या चारचाकींचे १ ते २ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला आहे. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये म्हटले. त्याच वर्षी १ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने इथेनॉलविरहित पेट्रोलाचा पर्याय मागणारी जनहित याचिका फेटाळली.

गिरगाव-दादरमधील कमी धावणाऱ्या, परंतु दहा-पंधरा वर्षे जपलेल्या मोटारींच्या मालकांना ही चिंता भेडसावते आणि ती अनाठायी नाही. परंतु या चिंतेपोटी १०० ऑक्टेनकडे वळताना आपण ऑक्टेन विकत घेत आहोत की इथेनॉल टाळत आहोत, हे स्पष्ट असावे. ऑक्टेन अंकावरून इथेनॉलचे प्रमाण कळत नाही. ते कळण्यासाठी तेल कंपनीकडे त्या विशिष्ट पेट्रोलातील इथेनॉलबद्दल स्वतंत्र विचारणा करावी लागते. तसेच इथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते. त्यामुळे पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या मोटारीत जुने पेट्रोल साठवून ठेवण्यापेक्षा ती नियमित चालविणे आणि इंधननळ्यांची वेळोवेळी तपासणी करून घेणे हिताचे ठरते.

निवडीचे निकष

१. मोटारीची पुस्तिका किंवा इंधन टाकीच्या झाकणामागील पट्टी वाचावी. तेथे दिलेला आकडा 'किमान' आहे की 'शिफारस' आहे, हे पाहावे. किमान आकड्याच्या खाली कधीही जाऊ नये.
२. किमान ९१ लिहिलेल्या मोटारीस साधे पेट्रोल पुरेसे आहे.
३. किमान ९५ लिहिलेल्या, विशेषतः टर्बो व युरोपीय बनावटीच्या मोटारींना ९५ च द्यावे. येथे बचत करणे महागात पडते.
४. ९५ ची केवळ शिफारस असल्यास घाटातील किंवा पूर्ण भाराच्या प्रवासापूर्वी ते भरून पाहावे आणि चार-पाच टाक्यांच्या नोंदी ठेवून स्वतः निर्णय घ्यावा.
५. ९९ वा १०० ऑक्टेनचे पेट्रोल उत्पादकाने तशी गरज सांगितली असेल तरच घ्यावे.
६. नॉकिंग झाल्यास प्रथम वाहन चालविण्याची पद्धत, नंतर इंजिन आणि शेवटी पेट्रोल, या क्रमाने कारण शोधावे.
७. एप्रिल २०२३ पूर्वीच्या मोटारीबाबत २० टक्के इथेनॉल चालेल का, हे उत्पादकाच्या सेवा केंद्राकडून लेखी विचारून घ्यावे. हा प्रश्न ऑक्टेनच्या प्रश्नापासून वेगळा ठेवावा.
८. डिझेल मोटारींना ऑक्टेन लागू नाही. तेथे सीटेन अंक पाहिला जातो.

समारोप

ऑक्टेन अंक हा इंधन आणि इंजिन यांच्यातील जुळणीचा आकडा आहे. पायाच्या मापापेक्षा मोठी चप्पल अधिक आरामदायी नसते, त्याप्रमाणे गरजेपेक्षा अधिक ऑक्टेन इंजिनाला अधिक सुख देत नाही. मापापेक्षा लहान चप्पल मात्र नक्कीच चावते, म्हणून किमान मर्यादा पाळणे अपरिहार्य आहे. मुंबईच्या रस्त्यांवरील पेट्रोल गेल्या तीन दशकांत शिसेविरहित झाले, त्यातील गंधक घटले आणि ऑक्टेनही वाढला. हे सर्व बदल साध्या पेट्रोलातच झाले असल्याने सामान्य वाहनधारकाला त्यांचा लाभ वेगळे मूल्य न मोजता मिळाला आहे. यापुढील काळात खरा प्रश्न अधिक ऑक्टेनचा नसून इथेनॉलमुळे घटणारे ॲव्हरेज आणि जुन्या मोटारींची निगा यांचा राहील. त्याचे उत्तर वाहनधारकाने महाग नळीत न शोधता मोटारीच्या पुस्तिकेत, सेवा केंद्राच्या लेखी उत्तरात आणि स्वतःच्या इंधन-नोंदवहीत शोधणे अधिक हितावह ठरेल.